मेक्सिकोने नाकारलेले मांस

2008 साली मेक्सिकोने अमेरिकेतून आलेला गोमांसाचा एक साठा नाकारला. त्यातील तांब्याचे प्रमाण मेक्सिकोने ठरविलेल्या मर्यादेहून अधिक होते. अमेरिकेत मात्र मांसातील तांब्याला मर्यादाच ठरलेली नव्हती. साहजिकच, शेजारी देशाने अयोग्य ठरविलेले ते मांस मायदेशी विकण्यापासून उत्पादकास रोखण्याचा आधार तेथील निरीक्षकांपाशी नव्हता. ही कथा कोणा विरोधकाने रचलेली नाही; अमेरिकी कृषी खात्याच्याच महानिरीक्षकांनी मार्च 2010 च्या अहवालात ती नमूद केली आहे.

गोमांसाविषयी हिंदू समाजाची भूमिका सर्वश्रुत आहे. तिची चर्चा येथे प्रस्तुत नाही. ज्या व्यवस्थेचे गोडवे आपल्याकडील सुशिक्षित वर्ग अहोरात्र गातो, तिच्या शिक्क्याला किती अर्थ आहे, हा खरा प्रश्न आहे.

याच देशात 1940 च्या दशकापासून कोंबड्यांच्या खाद्यात रॉक्सारसोन नावाचे आर्सेनिकयुक्त औषध मिसळले जात होते. रोग आटोक्यात राहावा, वजन लवकर वाढावे आणि मांसाला आकर्षक रंग यावा, हे त्याचे प्रयोजन. असे औषध दिलेल्या कोंबड्यांच्या यकृतात कर्करोगकारक असेंद्रिय आर्सेनिक अधिक आढळल्यावर 2011 मध्ये त्याची विक्री थांबली. या जातीचे शेवटचे औषध बंद व्हावयास 2015 साल उजाडले. म्हणजे सुमारे सात दशके ग्राहकाने रंग पाहून कोंबडी घेतली!

जंतू उष्णतेने मरतात. धातू मरत नाही. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांना ना वास ना चव, आणि मांस कितीही शिजविले तरी ते नष्ट होत नाहीत. दूषित पाणी, सांडपाण्यावरचा चारा, उकिरडा यांतून ते जनावराच्या पोटात जातात व विशेषतः यकृतात आणि मूत्रपिंडात साठतात. माणसाच्या मूत्रपिंडात शिरलेले कॅडमियम तर दहा-वीस वर्षे सहज ठाण मांडते. शाकाहारी कुटुंबांनीही यावर समाधानाने मान डोलविण्याचे कारण नाही. सांडपाण्यावर पिकलेल्या पालेभाजीतही हेच धातू उतरतात.

भारतात 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत धातूंच्या मर्यादा दिलेल्या आहेत. परंतु धातू मोजावयास प्रयोगशाळा लागते आणि खाटकापाशी असतो तो तराजू. निर्यातीचे मांस अपेडाकडे नोंदलेल्या कत्तलखान्यांतूनच जावे लागते, कारण परदेशी ग्राहक ते परत पाठवू शकतो. गल्लीतील दुकानात टांगलेल्या बकऱ्याला हा न्याय का नसावा? रक्त कमी म्हणून गर्भवती सुनेला कलेजी खाऊ घालणारी सासू प्रेमापोटीच ते करते. तिच्या पातेल्यात शिसे आहे की नाही, हे तिला कोण सांगणार? शिसे मातेच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते, मुलाच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते, आणि त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा जागतिक आरोग्य संघटनेस ठाऊक नाही.

महापालिकांच्या मंडयांतून नियमितपणे नमुने घेतले जावेत, त्यांत कलेजी व गुर्दा आधी असावेत आणि तपासणीचे आकडे त्याच मंडईच्या फलकावर मराठीत लागावेत, एवढी मागणी ग्राहकांनी आपल्या नगरसेवकाकडे करावयास हरकत नाही.