बांधावरचा वाळता निंब आणि थंडींतील कुऱ्हाड

मार्गशीर्ष लागला, रबीची पेरणी आटोपली, शाळू पोटरींत येऊं लागला, म्हणजे शेतकऱ्याच्या हातास थोडी उसंत मिळते. त्याच दिवसांत गारठा वाढतो, परसांतील सरपणाची रास खालीं जाते, आणि वर्षभराच्या जळणाचा विचार सुरू होतो. घरोघर गॅसची शेगडी आली असली तरी न्हाणीचें पाणी, लग्नकार्याची पंगत आणि गुरांचें आंबोण हीं अजून पुष्कळ ठिकाणीं लांकडावरच अवलंबून आहेत. गेल्या कांहीं वर्षांत ह्या जळणाच्या शोधास एक नवें निमित्त मिळालें आहे. बांधावरचे कडुनिंब शेंड्याकडून वाळतांना दिसतात, आणि 'मेलेलें झाड उभें ठेवून काय करावयाचें?' असें म्हणून त्यांवर कुऱ्हाड चालते. ह्या प्रश्नाचा शांतपणें विचार व्हावा म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहों. आमचें मत आरंभींच सांगतों. थंडी हा झाड तोडण्यास सोयीचा काळ आहे. परंतु कोणतें झाड मेलें हें ठरविण्यास तिच्याइतका फसवा काळ दुसरा नाहीं. हीं दोन कामें दोन वेगळ्या ऋतूंत झालीं पाहिजेत.

प्रथम रोगाविषयीं. निंबाचे शेंडे वाळविणाऱ्या बुरशीस शास्त्रज्ञ फोमॉप्सिस म्हणतात. निंबावरील ह्या जातीचें शास्त्रीय वर्णन १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. २०२१ सालीं तेलंगणांत ह्या रोगानें मोठा कहर केला, आणि दख्खनच्या इतर भागांतही तपकिरी शेंड्यांचे निंब दृष्टीस पडूं लागले. कोंकणांत काजूच्या मोहोरावर पडणारा जो ढेकण्या कीटक, तोही निंबाच्या कोंवळ्या फुटव्यांतील रस शोषतो, आणि त्यानें केलेल्या जखमांतून बुरशीस वाट मिळते. पावसाळ्यांत लागण वाढते आणि पावसाळा सरतां सरतां व थंडीच्या आरंभीं झाड जळाल्यासारखें दिसूं लागतें. म्हणजे ज्या वेळीं शेतकऱ्यास उसंत असते, नेमक्या त्याच वेळीं झाडाचें रूप अत्यंत केविलवाणें असतें. परंतु शेंडा वाळला म्हणजे खोड मेलें असें नव्हे. अशीं पुष्कळ झाडें पुढें उन्हाळ्याच्या तोंडीं पुन्हां फुटतात.

निंबाचा नित्यक्रमही ह्या फसवणुकीस हातभार लावतो. माघ-फाल्गुनांत निरोगी निंबदेखील पानें टाकून उघडा होतो. गुढीपाडव्यास आपण जो कोंवळा पाला तोंडांत घालतों, तो त्यानंतरचा नवा पाला होय. तेव्हां रोगट व निरोगी ह्यांची पारख पाडव्यानंतरच होणार. तत्पूर्वीं पाहणें असेल तर विळ्याच्या टोंकानें सालीचा पापुद्रा खरवडावा. आंत हिरवें व ओलसर दिसलें तर त्या ठिकाणीं जीव आहे. एक डहाळी पाहून निकाल देऊं नये. डहाळी, मोठी फांदी व खोड अशा तीन ठिकाणीं पाहावें. ज्या झाडास मृग निघेपर्यंतही कोठेंच फूट येत नाहीं व ज्याच्या खोडाची साल आंतून वाळली आहे, तेंच मेलें असें समजावें.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशास? एक निंब गेला तर दुसरा उगवेल. ह्यास उत्तर म्हणून इंग्लंडांतील ॲश वृक्षाची हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथें शेताच्या कुंपणांत जसा ॲश, तसा आपल्या बांधावर निंब. ॲशच्या लांकडांत मुळांतच पाणी कमी; म्हणून अर्धवट ओलें असतांही तें बऱ्यापैकीं जळतें, आणि तिकडच्या कडक थंडींत शेकोटीसाठीं त्यास फार मान. पूर्व आशियांतून आलेल्या एका बुरशीनें हे वृक्ष शेंड्याकडून वाळूं लागले. १९९२ सालीं पोलंडांत हा रोग आढळला आणि २०१२ सालीं ब्रिटनमध्यें. तेथील सुमारें शेंकडा ८० ॲश कालांतरानें मरतील असा अंदाज आहे. साहजिकच पुष्कळांनीं पहिल्या भीतींत कुऱ्हाड हातीं घेतली. परंतु तेथील वनखात्याचा सल्ला असा कीं, जेथें माणसांस धोका नाहीं तेथें जिवंत ॲश तोडण्याची घाई करूं नये. कारण शेंकड्यांत एक ते पांच झाडांत रोगास तोंड देण्याची शक्ति असते, व तीं कोणतीं हें झाड उभें ठेवल्यावांचून कळत नाहीं. सरेमधील एका जंगलाच्या अभ्यासांत २०२५ सालीं असें दिसून आलें कीं, रोगांतून वांचलेल्या ॲशच्या नव्या पिढींत ती शक्ति थोडीथोडी वाढत आहे. सर्वच झाडें सरपणांत गेलीं असतीं तर ही पिढी कोठून येती? निंबामध्यें अशी शक्ति किती आहे, हा पुढील अभ्यासाचा विषय आहे. परंतु ज्या झाडांवर तो अभ्यास व्हावयाचा, तींच आपण चुलींत घातलीं तर प्रश्नच संपला.

अमेरिकेची गोष्ट वेगळी व तितकीच बोधप्रद आहे. तेथें २००२ सालीं डेट्रॉइट शहराजवळ ॲश पोखरणारा एक हिरवा भुंगेरा आढळला. त्याच्या अळ्या सालीखालीं राहतात. हा कीटक स्वतः फार दूर उडत नाहीं. परंतु मेलेल्या झाडांचें सरपण गाड्यांत भरून लोक गांवोगांव नेऊं लागले, आणि त्याबरोबर किडाही गेला. कोट्यवधि झाडें त्यानें मारलीं. सरपण दूर नेऊं नका, जेथें तोडाल तेथेंच जाळा, असें तेथील सरकारास लोकांस पुनःपुन्हां सांगावें लागलें. आपल्याकडील रोग निराळा आहे. तथापि रोगट डहाळ्या दूरच्या बाजारीं न पाठवितां आपल्याच चुलीस लावाव्या, एवढा बोध घेण्यास हरकत नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. शेतकऱ्यास जळण लागतें, पैसाही लागतो. झाडें पुजावीं पण तोडूं नयेत असा उपदेश आम्ही करीत नाहीं. मेलेलें झाड अवश्य तोडावें. तें पायवाटेवर, विहिरीवर वा गोठ्यावर झुकलें असेल तर थंडीचीही वाट पाहूं नये. आमचा आक्षेप आहे तो निराळ्याच व्यवहारास. लांकडाचा व्यापारी पौषांत येतो, वाळले शेंडे दाखवितो, 'रोग आहे, पुढच्या वर्षीं कवडी मिळणार नाहीं' असें सांगतो, आणि उभीं झाडें उक्तीं घेतो. त्यांत मेलेलीं दोन व जिवंत पांच असतात. शेतकरी मेलेल्याच्या भावानें जिवंत झाड विकतो, व पुढच्या उन्हाळ्यांत नांगर सोडल्यावर बैलांस सांवली शोधतो. ज्यास विकणेंच आहे त्यानें खूण केलेलें मेलेलें झाडच विकावें, आणि तेंही तोडल्यावर वजन करून.

महसूल खात्यांत कारकुनी करतांना बांधावरच्या झाडांचे तंटे आम्ही पुष्कळ पाहिले. झाड चार गाड्या लांकडाचें आणि भांडण दोन पिढ्यांचें, असा प्रकार. म्हणून सामाईक बांधावरील झाडास हात लावण्यापूर्वीं शेजाऱ्यास बोलावून, चार माणसांसमक्ष वाटणी ठरवून, ती कागदावर लिहून घ्यावी. दुसरें असें कीं, एकाच उक्त्यांत निंबाबरोबर चिंच व आंबाही पाडला जातो. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ इत्यादि वृक्ष १९६४ च्या झाडें तोडण्याविषयींच्या कायद्याच्या अनुसूचींत आहेत, व ते खासगी जमिनींत असले तरी आधीं परवानगी लागते. तोडीचे व वाहतुकीचे नियम ग्राम महसूल अधिकाऱ्यास, ज्यास गांव अजून तलाठीच म्हणतें, आणि वनखात्यास विचारून घ्यावे. विचारण्यास पैसा पडत नाहीं. न विचारल्यास पडतो.

प्रत्यक्ष तोडीसंबंधीं थोडें. वाळलेलें झाड ओल्यापेक्षां अधिक घातकी असतें. ओली फांदी वांकून सूचना देते. वाळकी एकाएकीं मोडते, आणि घाव बुंध्यावर बसतांच वरची फांदी डोक्यावर येते. म्हणून मेलेल्या झाडावर चढूं नये, एकट्यानें काम करूं नये, व वारा असेल त्या दिवशीं करवत घरींच ठेवावी. ज्या अंगास पाडावयाचें त्या अंगास आधीं खांच घ्यावी, मग मागून कापावें, आणि मागें तिरपें सरकण्यास वाट मोकळी ठेवावी. विजेची तार जवळ असेल तर वीजखात्याचीं माणसें आल्यावांचून हात लावूं नये. लांकूड फोडून, खालीं दगड देऊन, वारा खेळेल असें रचावें. ओल्या लांकडाच्या वजनांत निम्म्याच्या आसपास पाणी असूं शकतें. तें चुलींत आटविण्यांत उष्णता जाते आणि घरच्या बायकांच्या डोळ्यांत धूर. थंडींत तोडलेलें लांकूड उन्हाळाभर वाळून मृगापूर्वीं छपराखालीं जातें, हाच थंडींतील तोडीचा खरा लाभ.

शेवटीं लागवड. जो एक निंब तोडील त्यानें दोन लावावे. निंबोळीची उगवणशक्ति थोड्याच आठवड्यांत जाते, म्हणून पिकलेली निंबोळी ताजीच पेरावी. ही बुरशी बियांवाटेही पसरते. यास्तव निंबोळ्या हिरव्यागार, निरोगी झाडाखालच्याच वेंचाव्या.

आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं ज्येष्ठांत एक दिवस शिवारांत फिरून मेलेल्या झाडांवर चुन्याचा पट्टा ओढावा. मार्गशीर्षांत कुऱ्हाड निघेल ती पट्टा असलेल्या झाडावरच पडावी. ज्यावर पट्टा नाहीं त्यास आणखी एक पाडवा पाहूं द्यावा. एका हिवाळ्याच्या सरपणासाठीं तीन पिढ्यांची सांवली घालविणें हा हिशेब कोणत्याही खतावणींत बसत नाहीं, असें आम्हांस वाटतें.