शेवटचे पन्नास कुणाचे?

समजा, पुण्याचं एक जोडपं अंदमानात स्वराज द्वीपला गेलं आहे. २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणून ओळखलं जाणारं बेट ते हेच. दोघांनी स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स नुकताच पूर्ण केला आहे, आणि प्रशिक्षकाचा हात न धरता मारलेली आजची पहिलीच बुडी. वर आल्यावर बोटीत बायको विचारते, “अहो, तुमच्या मीटरवर किती राहिलं होतं?”

“होतं की, अगं,” नवरा म्हणतो आणि टॉवेलनं तोंड पुसू लागतो.

होते फक्त वीस बार. पन्नासचा आकडा मागे पडला तेव्हा नेमकं समोर कासव आलं होतं. गटातले बाकीचे ते बघण्यात दंग होते. आपल्यामुळे सगळ्यांना वर यावं लागेल, या संकोचानं त्यानं खूण केलीच नाही. पंगतीत भात संपल्याचं न सांगणारा पाहुणा भिडस्त म्हणून खपून जातो. पाण्याखाली तसा भिडस्तपणा किती महाग पडतो, ते थोड्या हिशेबानं कळतं.

आधी एक गैरसमज. गप्पांत सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हटलं जातं, ते चूक आहे. हौशी डायव्हरच्या पाठीवर साधी हवाच असते, फक्त गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर झटके येण्याचा धोका असतो. नेहमीच्या वापरातला ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा असतो. त्यात २०० बार दाबानं हवा भरली की ती २२०० लिटर होते. (हा बार म्हणजे दाब मोजण्याचं माप, गोव्याला गेलेल्यांचा गोंधळ होऊ नये.)

ही हवा किती मिनिटं पुरते, हा नवशिक्यांचा पहिला प्रश्न. त्याला एकच एक उत्तर नाही, कारण ते खोलीवर अवलंबून असतं. पृष्ठभागावर हवेचा दाब एक बार असतो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. रेग्युलेटर तेवढ्याच दाबाची हवा तोंडात देतो, म्हणून दहा मीटरवरच्या एका श्वासात वरच्या दोन श्वासांची हवा खर्ची पडते. नवखा माणूस वर मिनिटाला २५ लिटर हवा घेत असेल, तर खाली ५० लिटर घेणार. पन्नास बार राखून ठेवले तर वापरायला उरतात १६५० लिटर. दहा मीटरवर ती ३३ मिनिटं पुरतात. नवशिक्यांची मर्यादा १८ मीटरची असते. हिशेबासाठी वीस धरले, तर २२ मिनिटं. आणि त्यातच वर येण्याचा वेळही आला.

मुरलेला डायव्हर तेवढ्याच हवेत दीडपट-दुप्पट वेळ काढतो, याचं नवशिक्याला फार वाईट वाटतं. त्यात त्याचा दोष नसतो. धडधडणारं काळीज, सायकल मारल्यासारखे हलणारे पाय, आणि कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसं. वजन जास्त म्हणून जाकिटात हवा भरायची, मग वर जायला लागलं म्हणून सोडायची. ती हवाही त्याच सिलिंडरमधली! दहा-पंधरा बुड्या झाल्या की हे बरंचसं आपोआप सुधारतं. धिप्पाड माणसाला मात्र थोडी जास्त हवा लागतेच. तिथं अभिमान कामाचा नाही.

काही हुशार मंडळी यावर भलताच उपाय काढतात. श्वास रोखून हवा वाचवायची. याच्याइतकी वाईट बचत दुसरी नाही. अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखू लागतं, आणि धाप लागून वाचवलेल्यापेक्षा जास्त हवा जाते. शिवाय श्वास रोखलेला असताना माणूस नकळत वर सरकला, तर छातीतली हवा फुगते. दहा मीटरवरून वर येईतो ती दुप्पट होते. भरलेल्या छातीनं एक-दीड मीटर वर सरकणंही फुप्फुसाला इजा करायला पुरेसं असतं. सावकाश श्वास घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा, पण थांबवू कधीच नये.

झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ साली ‘ॲक्वालंग’ बनवलं. त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांत अनेकांकडे मीटरच नसे. सिलिंडरच्या झडपेत एक स्प्रिंग असायची. हवा कमी झाली की श्वास ओढताना जड जाई, मग पाठीमागची दांडी खाली ओढायची, की राखीव हवा सुटे. ती दांडी आधीच कुठे अडकून ओढली गेली असेल, तर राखीव साठा केव्हाच संपलेला! आज मीटर हाताशी आहे, आणि तरी लोक तो बघत नाहीत. मालवणला किंवा गोव्याला हौसेखातर घेतलेल्या पहिल्या बुडीत प्रशिक्षक पाठीशी असतो, मीटरवर त्याचीच नजर असते. ‘कुणीतरी बघतंय’ ही सवय तिथं लागते आणि कोर्स झाल्यावरही सुटत नाही.

आता त्या पन्नास बारचं. अठरा मीटरवरून मिनिटाला नऊ मीटरच्या वेगानं वर यायला दोन मिनिटं लागतात, वाटेत पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. एवढ्याला एका नवशिक्याला साधारण २०० लिटर हवा लागते, म्हणजे वीसेक बार. मग पन्नास कशाला? कारण जोडीदाराची हवा संपली, तर तो याच सिलिंडरला जोडलेली दुसरी, बहुधा पिवळ्या रंगाची नळी तोंडात घालून वर येणार असतो. ती राखीव हवा मुख्यतः त्याच्यासाठी असते. पुण्याचा तो नवरा वर निघाला तेव्हा त्याच्याकडे चाळीसच्या आसपास होते. दोघं शांत असती तर ते कसेबसे पुरले असते. पण हवा संपलेला माणूस शांतपणे श्वास घेत नसतो.

म्हणून बोटीवरच ठरवून घ्यायचं. उडी मारण्यापूर्वी मीटर बघत दोन-चार श्वास घ्यायचे. काटा खालीवर हलला तर झडप पुरती उघडलेली नाही. खाली दर चार-पाच मिनिटांनी एकमेकांना आकडा विचारायचा. शंभर झाले की गाइडला सांगायचं. सत्तरला वर निघायला सुरुवात. छातीवर मूठ म्हणजे हवा कमी, गळ्यावरून आडवा पंजा म्हणजे हवा संपली. अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नव्हे. त्याचा अर्थ ‘वर चला’.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं ११० वरच आकडा दाखवला. बायकोच्या मीटरवर तेव्हा १३० होते. गाइडनं मान डोलावली आणि सगळा गट बारा मीटरवरून सहा मीटरच्या उथळ प्रवाळाकडे वळवला. तिथं तीच हवा आणखी दहा-बारा मिनिटं पुरली.