सर, माझी पपई झोपली!



गेल्या पावसाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गाने पपईची ४० रोपे केली. म्हणजे करायचे ठरवले! दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन आणल्या, दाभणाने खाली भोके पाडली. आता भरायचे काय? आपल्या चारठाण्याच्या शिवारात काळ्या मातीला काय तोटा! कुणीतरी गोठ्यातून घमेलंभर ताजे शेणही आणले. मी म्हणालो, "वा, खताचंही काम झालं." चूक झाली ती इथेच, आणि ती माझी.

बी उगवले. पोरं खूश. मग एका सकाळी एक मुलगी पिशवी छातीशी धरून दारात उभी. "सर, माझी पपई झोपली." रोप मातीलगत मऊ, काळपट होऊन आडवे पडले होते. आठ दिवसांत ३१ रोपे गेली. ती मुलगी मात्र रोज पाणी घालत होती. तिला वाटे, उठेल. मला काही बोलवेना.

असे का झाले? काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात कापसाला ते बरे, पण एवढ्याशा पिशवीत तिचा चिखल होतो. मुळांनाही हवा लागते बरं का! ओल हटली नाही की बुरशी रोपाची मान धरते. आणि ताजे शेण कुजताना तापते, त्यातून अमोनिया वायू निघतो. कोवळी मुळे भाजतात.

पाऊस ओसरल्यावर पुन्हा बसलो. एक घमेलं ओढ्याकाठची पोयट्याची माती, एक वाळू, एक वर्षभर कुजलेले शेणखत. चांगले कुजलेले खत भुसभुशीत असते, त्याला शेणाचा नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. मिश्रण ओले करून मूठ आवळायची. लाडू वळला पाहिजे, पण बोट टोचताच फुटला पाहिजे. पाणी टपकले तर ओल जास्त झाली. पोरांनी इतके लाडू वळले, की पिशव्या भरायच्या राहिल्या!

मोठ्या रोपवाटिकांत नारळाच्या सोडणाचा भुसा वापरतात, त्याला कोकोपीट म्हणतात. तो हलका, पाणी धरणारा, पण त्यात रोपाला खायला जवळपास काही नसते. सोबत गांडूळखत लागतेच. आमच्याकडे नारळ देवळापुढे फुटतो तेवढाच, म्हणून वाळूवर भागवले.

आणखी एक. पपईच्या बीवर बुळबुळीत आवरण असते, ते बी लवकर उगवू देत नाही. राखेत चोळून, धुऊन, सावलीत सुकवायचे. मग बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल पेरायचे.

या खेपेला ३४ रोपे जगली. त्या मुलीने आपले रोप घरामागे लावले, न्हाणीच्या पाण्यापासून लांब, उंचवट्यावर. गावठी पपईत नराचे झाड वेगळे, मादीचे वेगळे. नराला सहसा फळ धरत नाही, आणि ते कळते फूल आल्यावरच. अजून फूल नाही. ती रोज शेंडा बघून येते आणि मला विचारते, "सर, मुलगीच असेल ना हो?"