भाडे मागताना जीभ का अडखळते?



आपल्या समाजात बऱ्याच घरांचा वरचा मजला, मागच्या दोन खोल्या किंवा एखादा फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. दुकान मुलांकडे, शेती भावकीत, पण हे भाडे मात्र घरातल्या बाईच्या हातात येते. पती गेल्यावर तर कित्येकींचे औषधपाणी, तीर्थयात्रा, नातवंडांच्या हातावर ठेवायचे पैसे सगळे त्यातूनच निघते. ते थकले की रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीही मुलाकडे पैसे मागायची वेळ येते.

आणि तरीही आपण मागत नाही. 'आपल्यातलेच आहेत', 'रोज मंदिरात भेट होते, कसे बोलायचे?', 'देतील हो, कुठे पळून जातात?' असे म्हणत एकाचे चार महिने होतात. मग एके दिवशी घरातली तरुण मंडळी चिडतात आणि म्हणतात, 'नळ बंद करा, आपोआप जातील.' मला ही दोन्ही टोके चुकीची वाटतात. भाडे वेळच्या वेळी आणि लेखी मागावे, पण कोणाचे पाणी तोडू नये.

आधी साधा हिशोब पाहू. समजा भाडे 12,000 रुपये आणि अनामत 36,000. तीन महिने भाडे आले नाही की अनामत संपली. लाईट बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स थकला असेल तर त्याच्याही आधी संपली. चौथ्या महिन्यापासून आपण घरमालकीण राहत नाही, बिनव्याजी, बिनतारणाचे कर्ज देणारी सावकारीण होतो. म्हणून जे करायचे ते अनामत शिल्लक असतानाच करायचे. पाच तारखेला भाडे आले नाही तर दहा तारखेला मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज पाठवावा. महिना पूर्ण बुडाला तर स्पीड पोस्टाने पत्र, दुसरा बुडाला तर वकिलाची नोटीस. आवाज चढवायची गरज नाही. तोंडी बोलणे विसरले जाते, कागद राहतो.

आता कराराविषयी. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हा समज अजून घरोघरी आहे. आपल्या राज्यात तो खरा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी आता ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचा ठसा दिला की घरबसल्या काम होते. ठरावीक महिने भाडे थकल्यास नोटीस देऊन करार रद्द करता येईल, हे कलम मात्र आठवणीने घालून घ्या.

एक गोष्ट आपल्याला बोचेल, पण लिहिते. करारात आठ हजार दाखवायचे आणि वरचे चार रोख घ्यायचे, असे चालते. ते वरचे चार बुडाले तर मागणार कोणत्या तोंडाने? कागदावर ते नाहीतच. अचौर्य अणुव्रत आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो, ते इथेही लागू आहे. शिवाय घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर आयकरात 30 टक्के सरसकट वजावट मिळतेच. एवढ्यासाठी आपलाच हक्क कशाला कच्चा करायचा?

नळ बंद करणे, मीटर काढणे, कुलूप घालणे यांविषयी माझ्या मनात शंका नाही. भाडेकरूच्या आवश्यक सेवा तोडायला याच कायद्याच्या कलम 29 ने मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या घरात लहान मूल असते, म्हातारी सासू असते. भाडे थकवणारा बहुधा दिवसभर बाहेर असतो. कोरड्या नळापाशी उभी राहते ती त्याची बायको. अभयदान आपण मोठे मानतो, मग दारातल्या कुटुंबाला भीती घालून पैसे वसूल करणे आपल्याला शोभत नाही.

अडचण खरीच असेल तर? नोकरी गेली, घरात आजारपण आले, असे होते. तेव्हा समोर बसवून बोलावे. दोन महिने अर्धे भाडे, बाकीचे हप्त्याने, असे ठरवून लिहून घ्यावे. एखाद्या महिन्याचे सोडायचे असेल तर तेही स्पष्ट सांगून सोडावे. दान आपण जाणून, मनापासून देतो. संकोचापायी बुडू दिलेले भाडे हे दान नव्हे. त्यात आपण रोज मनातल्या मनात त्या माणसाला बोल लावतो, मंदिरात त्याला पाहून तोंड फिरवतो, शेजारणीजवळ त्याची निंदा करतो. क्रोधाचा कषाय असा महिनोन्‌महिने साठवण्यापेक्षा एक मेसेज पाठवणे कितीतरी निर्मळ आहे.

क्षमावणीला हात जोडून 'उत्तम क्षमा' जरूर म्हणावे. पण त्याने थकबाकी मिटत नाही आणि मिटायचे कारणही नाही. मनात वैर न ठेवता बाकी मागता येते.

म्हणून या आठवड्यात कपाटातला करार बाहेर काढा. नोंदणी आहे का, मुदत कधी संपते, अनामत किती आणि थकले किती, हे एका वहीत लिहा. भाड्याच्या पावत्याही तिथेच ठेवा. आपल्या हक्काचा हिशोब आपल्या अक्षरात असावा.

जय जिनेंद्र.