कॅनडातल्या निवासी शाळा : कबरींच्या वादात मुलंच विसरली जातायत का?

'कॅनडात २१५ मुलांची सामूहिक कबर सापडली.' ही पोस्ट तुम्ही कधीतरी पाहिली असेल. हल्ली तिच्या उलट पोस्टही फिरते : 'एकही मृतदेह सापडला नाही, सगळा बनाव होता.'

यातलं खरं काय? पहिला दावा चुकीचा आहे. दुसरा त्याहून जास्त दिशाभूल करणारा आहे.

कॅम्लूप्समध्ये काय झालं होतं?

मे २०२१. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅम्लूप्स इथल्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारने जमिनीची तपासणी झाली. तिथल्या मूलनिवासी समाजाने २१५ मुलांचे अवशेष असल्याचं जाहीर केलं. पण या रडारला हाडं दिसत नाहीत. माती कुठे खणली गेली असावी, एवढंच त्यातून कळतं. त्यामुळे पुढे आकडा २०० वर आला आणि भाषा 'संभाव्य कबरी' अशी झाली. 'सामूहिक कबर' हा शब्द तर माध्यमांनीच चिकटवला होता. त्या जागेवर उत्खनन न झाल्यामुळे शंका घेणाऱ्यांना आयता मुद्दा मिळाला.

पण या शाळांत मुलं मेली, हे काही रडारमुळे कळलेलं नाही. ते सरकारी कागदांत शंभर वर्षांपूर्वीपासून लिहिलेलं आहे.

या शाळा होत्या कशासाठी?

१८७९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. घर, भाषा आणि चालीरीती यांपासून मुलांना तोडायचं आणि 'सुसंस्कृत' करायचं, हा तिचा उघड हेतू होता. त्याच वर्षी कॅनडा सरकारने अमेरिकेतल्या अशा शाळा बघायला आपला माणूस पाठवला. १८८३ पासून सरकारी पैसा आणि चर्चचं व्यवस्थापन अशी व्यवस्था उभी राहिली. सर्वाधिक शाळा कॅथलिक चर्चकडे होत्या.

मुलं आली की केस कापले जायचे, नावं बदलली जायची. मातृभाषेत बोललं की शिक्षा व्हायची. १९२० मध्ये कायद्यात बदल करून सक्तीही आणली गेली. फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी समाजांची सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या.

सरकारला माहीत नव्हतं का?

माहीत होतं. १९०७ मध्ये सरकारचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी शाळांची पाहणी केली. कोंदट खोल्या, बंद खिडक्या, आजारी आणि निरोगी मुलं एकत्र. क्षयरोगाला आणखी काय हवं? ज्या शाळांनी माहिती दिली, त्यांच्या सुमारे १,५०० आजी-माजी विद्यार्थ्यांपैकी जवळपास २५ टक्के मरण पावले होते. बातमी वर्तमानपत्रांतही आली. पण ब्राइस यांनी सुचवलेले उपाय खर्चाचं कारण देत बाजूला ठेवले गेले. निवृत्तीनंतर, १९२२ मध्ये, त्यांनी हा सगळा प्रकार 'राष्ट्रीय गुन्हा' म्हणत स्वतः छापून प्रसिद्ध केला.

मग आकडा किती?

सत्य आणि समेट आयोगाने २०१५ च्या अहवालात सुमारे ३,२०० मृत्यूंची नोंद केली. त्यानंतर कागदपत्रं तपासत ती यादी ४,१०० च्या वर गेली. खरा आकडा याहून मोठा असावा, असंच अभ्यासक मानतात. कारण आयोगाला सापडलेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश नोंदींत मुलाचं नावच नव्हतं. जवळपास निम्म्या नोंदींत मृत्यूचं कारण नव्हतं. मृतदेह घरी पाठवायचा खर्च टाळण्यासाठी बहुतेक मुलांना शाळेजवळच पुरलं जायचं. कित्येक आईवडिलांना आपलं मूल कुठे पुरलंय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

माफी मागून झाली, पुढे काय?

२००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात येऊन क्षमा मागितली. २०२४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनीही माफी मागितली. तिथल्या सरकारी तपासात किमान ९७३ मुलांच्या मृत्यूची नोंद सापडली होती.

पण नुकसान मृत्यूंपुरतं नाही. लहानपणी आईबापांची माया न मिळालेली मुलं पुढे स्वतः आईबाप झाली. मार खाऊन विसरलेली भाषा ती आपल्या मुलांना देऊ शकली नाहीत. म्हणून आयोगाच्या ९४ शिफारशींत शाळांच्या नोंदी आणि कबरी शोधण्याबरोबरच भाषा, बालकल्याण आणि आरोग्य हे विषयही आहेत. त्यातल्या अनेक शिफारशी अजून कागदावरच आहेत.

तेव्हा 'मृतदेह कुठे आहेत?' असं विचारणारी पोस्ट समोर आली, तर एवढं लक्षात असू द्या : हाच प्रश्न त्या मुलांचे आईवडील पिढ्यानपिढ्या विचारत आलेत. आणि उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांनी मुलं नेली, त्यांची होती.