माणशी टन किती?



गळीत हंगाम आटोपला की ऊस विकास खात्याच्या माणसाला थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत यंदा मे महिन्यात कुटुंबासह हेमलकशाला जाऊन आलो. चंद्रपूर, आलापल्ली असे करीत जंगलातून भामरागडच्या अलीकडे पोचायचे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना, आश्रमशाळा असे करीत तो वाढविला, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पडलो कृषी पदविकेचा माणूस, माझी नजर गेली ती रानाकडे.

तिथले रान म्हणजे पावसावरचे भात. पूर्वी माडिया लोक जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत बी टाकीत आणि दोनतीन वर्षांनी दुसऱ्या तुकड्याकडे वळत. त्याला पेंडा म्हणतात. आता भाताच्या बांध्या आहेत, पण पीक एकच. भात घरात आले की मार्चपासून मोह वेचायचा आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायची. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पहाटे अंधारात घरातली सगळी माणसे रानात जातात आणि दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात. कुणी आळशी असते तर हे जमलेच नसते. राबणूक आपल्यापेक्षा तसूभरही कमी नाही, कमी आहे ती त्या राबणुकीतून हाताला लागणारी चीज.

पुडे बांधणाऱ्यांत आश्रमशाळेत शिकलेला, चांगले मराठी बोलणारा एक तरुण होता. दोन महिने तेलंगणात मिरची तोडून तो नुकताच परतला होता. तिकडे मजुरी कुठे पैशात मिळते, तर कुठे मिरचीच्याच रूपात. मी कोण, कुठला हे त्याने विचारून घेतले आणि म्हणाला, “साहेब, तुमच्या उसाला माणूस लागतो का?”

खरे सांगतो, क्षणभर मनात हिशोब सुरू झाला. इथून वीस कोयत्यांची टोळी उचलली, तर आपल्या दोन गटांचा जानेवारीतला घोर मिटेल! दर हंगामात मुकादमांचे उंबरे झिजवणाऱ्या माणसाच्या मनात दुसरे काय येणार? मी “बघू” म्हणालो. पण परतीच्या वाटेवर त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. तो पोरगा भाताच्या बांधीतून निघाला तो मिरचीच्या रानात गेला, आणि आता उसाच्या फडात यायला तयार होता. गाव सुटले, पण शेती कुठे सुटली? फक्त स्वतःची जाऊन दुसऱ्याची आली.

अर्थशास्त्रज्ञ सांगतात की देश पुढे जातो तेव्हा माणसे शेतीतून कारखान्यांकडे जातात. आर्थर लुईस या गृहस्थांनी १९५४ साली हे मांडले आणि १९७९ साली त्यांना नोबेल मिळाले. दक्षिण कोरियात तसेच घडले. १९६०च्या सुमारास तिथली निम्म्याहून अधिक कामकरी माणसे शेतीत होती, आता वीसात एक असेल नसेल. आपल्याकडे मात्र सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणे २०१८-१९ साली शंभरातली ४२-४३ माणसे शेतीत होती, ती करोनाच्या काळात वाढली आणि २०२३-२४ साली ४६ झाली. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. भागाकार करून पाहा. शेतीतल्या माणसाच्या पदरी बाहेरच्या माणसाच्या जेमतेम चौथाई पडते.

आपण एकरी टनाच्या स्पर्धा घेतो, बक्षिसे देतो, आणि ती द्यावीतच. पण माणशी टन किती, हे आपल्या एकाही अहवालात नाही. तोडणीचेच घ्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस होतो. जानेवारी २०२४च्या करारात दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. म्हणजे जोडीला साधारण ७३२, माणशी ३६६. तेही पहाटे चारपासून, लेकरू पाचटात निजवून, आणि त्यातून मुकादमाची उचल फिटायची. असे काम कोणी आनंदाने करील काय? आपला मुलगा पुण्याला कंपनीत लागला की आपण पेढे वाटतो. तोडणी मजुराचा मुलगा गेला की “फुकटच्या रेशनने माजले” म्हणतो. चावडीवरचे हे बोलणे मला पटत नाही, आणि ते मी इथे लिहून ठेवतो, कुणाला राग आला तरी चालेल.

तोडणीची टोळी खुशाली मागते, ड्रायव्हर एन्ट्री मागतो, म्हणून सभासद माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. तक्रार रास्त आहे. हे पैसे कायदेशीर नाहीत आणि ते देऊ नयेत. पण माणूस कमी पडू लागला, याचाच तो पुरावा आहे.

दुसरी बाजू यंत्राची. सलग, लांब सरीच्या रानात तोडणी यंत्र दिवसाला १०० टनांपर्यंत ऊस तोडते. म्हणजे ५० कोयत्यांचे, १०० माणसांचे काम. राज्य सरकारने ९०० यंत्रांसाठी ४० टक्के किंवा ३५ लाख, यांत कमी असेल तेवढ्या अनुदानाची योजना आणली होती. आपल्याकडे अडते कुठे? सरी तीन-साडेतीन फुटांची, तुकडे वीस-तीस गुंठ्यांचे, बांधाला वळायला जागा नाही. शिवाय वाढे मिळत नाही आणि वजनात पाचटाची कपात होते, म्हणून आपली कुरकुर. कपातीचा मुद्दा मला मान्य आहे. ती किती असावी हे सभेत जरूर भांडून ठरवा. पण कुट्टी होऊन रानातच पडलेल्या पाचटाची किंमतही त्यात धरा.

मला खरी काळजी आहे ती त्या १०० माणसांची. यंत्र आले आणि त्यांना दुसरे काम मिळाले नाही, तर ती आणखी कुणाच्या तरी रानात कमी मजुरीवर उभी राहतील. आपण एकट्याने देशाचे कारखाने उभारू शकत नाही, हे खरे. पण यंत्राला चालक लागतो, मदतनीस लागतो, दुरुस्तीला फिटर लागतो. या जागा आजवर आपण सभासदांच्या मुलांना आणि ओळखीपाळखीच्यांना देत आलो. माझे म्हणणे असे की, कारखान्याने यंत्रचालकाचे प्रशिक्षण काढावे आणि त्यातल्या निम्म्या जागा आपल्याकडे कायम येणाऱ्या टोळ्यांतील दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसाठी ठेवाव्यात. मी संचालक मंडळाकडे तशी टिपणी दिली आहे. वार्षिक सभेत विषय आला तर “बाहेरच्यांना कशाला?” असे ओरडणारे पहिले आपल्यातलेच असतील, म्हणून आधीच बोलून ठेवतो.

हेमलकशाच्या त्या पोराला मी अजून काही कळविलेले नाही. टोळीसाठी बोलवायचे नाही एवढे मनाशी ठरले आहे. प्रशिक्षणाला मंजुरी मिळाली तर त्याला पत्र टाकीन.

आडसाली लागणीच्या नोंदी जुलैत सुरू होतील. यंदा नोंदीच्या अर्जात सरीच्या अंतराचा रकाना घातला आहे. शेजारी-शेजारी मिळून दहा एकर सलग आणि पाच फुटी सरी करायला तयार असाल, तर एकत्रच गट कार्यालयात या. आखणीला मी स्वतः येईन.