घरपोच सेवा दोघांची, उत्तर कोण देणार?

आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिथे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे दर आठवड्याला नर्सताई यायच्या. पाठीवरच्या जखमेची मलमपट्टी करायच्या, लघवीची नळी तपासायच्या. मध्यंतरी सलग सहा आठवडे त्या आल्या नाहीत आणि जखम चिघळली. सरकारी दवाखान्यात विचारले, तर म्हणाले, "ते काम संस्थेकडे आहे." संस्थेने सांगितले, "अनुदान आलेले नाही." नर्सताईंना फोन केला, तर त्यांचे चार महिन्यांचे मानधन थकलेले. तिघांचेही म्हणणे खरे होते. तरी आजींच्या जखमेला जबाबदार कोण, हे कोणीच सांगू शकले नाही.

सरकारने पैसे द्यायचे आणि संस्थेने माणसे द्यायची, ही पद्धत आता रुळली आहे. तिला आमचा सरसकट विरोध नाही. पण घरी मिळणारी सेवा चार भिंतींच्या आत होते. दवाखान्यात डॉक्टर आले नाहीत तर रांगेतले पन्नास लोक बघतात. घरभेट चुकली तर ते फक्त आजारी माणसाला आणि त्याच्यासाठी मजुरी बुडवून बसलेल्या सुनेला किंवा मुलीला कळते. नोंदवहीत मात्र भेट झाल्याची सही असू शकते.

त्यात आपल्या वस्त्यांची वेगळी अडचण आहे. घरभेटीसाठी उंबरठा ओलांडावा लागतो. कोणत्या घरात बसायचे, कुठले पाणी प्यायचे, कोणते घर वगळायचे, इथे जात शिरते. तक्रार करावी, तर घरचेच म्हणतात, "फुकट करतात बिचारे, कशाला बोलायचे?" हक्काची सेवा उपकार वाटू लागली की प्रश्न विचारणे संपते. आजारपणात आणि म्हातारपणात सरकारी साहाय्य मिळावे, हे संविधानाच्या कलम ४१ मध्ये राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. सरकार काम संस्थेकडे देऊ शकते, कर्तव्य देऊन टाकू शकत नाही.

केरळचे उदाहरण पाहू. १९९३ मध्ये कोझिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली. पुढे स्वयंसेवकांच्या जाळ्यातून घरी जाऊन सेवा देण्याचे काम वाढले. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरण आणले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात मोठी भूमिका दिली. पंचायतीच्या निधीतून नर्स नेमली जाते आणि ती सरकारी आरोग्य केंद्राशी जोडून घरभेटी करते. आशाताई आणि स्वयंसेवक सोबत असतात. त्यामुळे जाब कोणाला विचारायचा हे ठरते. पंचायत सदस्य गावातच राहतो आणि पाच वर्षांनी मत मागायला येतो.

महाराष्ट्रालाही अनुभव आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून इथे लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावांनी आरोग्यसेवेची प्रगतिपत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तरे द्यावी लागली. हीच पद्धत घरभेटींना लावता येईल.

कायदाही हाताशी आहे. सरकारकडून भरीव निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे "आम्ही खासगी संस्था आहोत" एवढे म्हणून अशा संस्थेला सुटता येणार नाही.

महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट आहे. तो घाणीत पडला होता आणि कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन त्याला धुतले, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. आजाऱ्याची काळजी उपाध्यायाने, आचार्याने, शिष्याने घ्यावी, आणि कोणीच नसेल तर संघाने घ्यावी, न घेतल्यास तो दोष, असा नियम केला. करुणा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडली नाही.

आपणही एवढे तरी मागू या. करारात जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे. भेटीच्या वेळापत्रकाची प्रत घरात असावी आणि भेट झाल्यावर सही घरच्यांची घ्यावी. अनुदान थकले तरी सेवा बंद पडू नये, नर्सताईंचे मानधन अडू नये. वर्षातून एकदा वस्तीतच जनसुनवाई व्हावी.

तरुणांनी सुरुवात आपल्या गल्लीपासून करावी. अंथरुणाला खिळलेली माणसे किती आणि त्यांच्याकडे शेवटचे कोण कधी आले, याची यादी करा. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्ड कार्यालयात ती यादी घेऊनच जा.